वहिनीचे चार दिवस

माझ्या मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होते. वहिनी वज्रेश्वरीच्या पुढच्या एका खेड्यातली, भातशेती करणाऱ्या घरातली. तिचे वडील लग्नाच्या चार वर्षं आधी वारले होते. कशाने, ते तिकडून कुणी नीट सांगितलं नाही आणि आमच्याकडून कुणी नीट विचारलं नाही. मुलगी कामाला चांगली, बोलायला कमी, एवढं बघून आईने होकार दिला. वहिनी माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण नवऱ्याची बहीण म्हणून मला 'ताय' म्हणायची. त्या घरात मला मोठं समजणारं ते एकच माणूस होतं.

आम्ही भिवंडीत कामतघरला राहायचो. घराला लागून आमचं यंत्रमागाचं, लूमचं शेड, ते भाड्याने दिलेलं. तरी वडिलांचा दिवस तिथेच जायचा, भाऊ कापडाच्या एका गोडाउनवर नोकरीला जायचा, आणि घरात राज्य आईचं होतं. आई वाईट बाई नव्हती. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल.

पाळीचे चार दिवस आमच्याकडे कडक पाळायचे. मागच्या दाराला लागून एक लहान खोली होती, तिच्यात सुताच्या रिकाम्या कांड्यांची पोती ठेवलेली असायची. जिची पाळी आली ती तिथे बसायची. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात. वहिनी आली तेव्हा मला अजून पाळी यायची होती, त्यामुळे तिचं जेवण नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी ताट उंबऱ्याशी ठेवायचे आणि तिथेच बसून राहायचे. ती जेवता जेवता शेतातल्या, तिच्या भावंडांच्या गोष्टी सांगायची. त्या खोलीत ती जेवढी बोलायची तेवढी बाकी महिनाभर बोलायची नाही.

वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. वहिनीला दिवस राहिले नाहीत. आई सुरुवातीला हसून म्हणायची, "काय घाई हाय?" मग हसणं थांबलं. मग शेजारणी विचारायला लागल्या तेव्हा आई उत्तर न देता पदर सारखा करायला लागली.

मग एका महिन्यात वहिनी बाजूला बसली नाही.

आईने चार दिवस वाट पाहिली, आठ दिवस पाहिली. नवव्या दिवशी तिने वहिनीच्या हातातली पाण्याची कळशी काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. घर एकदम बदललं. वहिनीला सकाळी दूध मिळायला लागलं. कोळणीकडून तिच्या आवडीची कोलंबी येऊ लागली. भाऊ गोडाउनवरून लवकर येऊन तिच्यासमोर उगाच घुटमळायचा. वडिलांनी, जे सुनेशी कधी बोलायचे नाहीत, त्यांनी एकदा मला सांगितलं, "तिला सांग, जिना सांभाळून उतर." आईने बांगड्यांवालीला घरी बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. कुणाला सांगू नये म्हणता म्हणता आईनेच अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं.

दोन महिने असे गेले. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात लघवीची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, दिवस गेलेले नाहीत. पाळी लांबली असेल, अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या.

आई घरी आली, चपला काढल्या आणि सरळ मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. वहिनीने "आत्या, द्या मी घासते" म्हटलं, तर आईने मान वर केली नाही. कुणी काही बोललं नाही, हीच शिक्षा होती. दूध बंद झालं असं मी म्हणणार नाही, पण ते वहिनीला द्यायचं कुणाच्या लक्षात राहीना. भाऊ पुन्हा उशिरा यायला लागला. बांगड्या तेवढ्या हातात राहिल्या, कारण बाईने बांगड्या अशाच कशा उतरवायच्या.

त्याच सुमारास शाळेत आम्हाला विज्ञानात तो धडा होता. बाई म्हणाल्या, हा तुम्ही घरी वाचा. वर्गात मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मी घरी वाचायला बसले तेव्हा वहिनी भाजी निवडत होती. तिने विचारलं, "कसलं चित्र हाय ते?" मी पुस्तक तिच्यापुढे केलं. गर्भाशय, दोन बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकाशी अंडाशय. ती सातवी शिकलेली होती. ओळीखाली बोट धरून तिने सगळा धडा वाचला. दर महिन्याला एक अंडं तयार होतं. ते नळीतून येतं. गर्भाशयात मऊ अस्तर तयार होतं, आणि गर्भ राहिला नाही की तेच अस्तर रक्तावाटे बाहेर पडतं. हे साधारण अठ्ठावीस दिवसांनी होतं.

"अठ्ठावीसच?" तिने विचारलं.

"साधारण," मी म्हटलं. "वर्गातल्या मुली म्हणतात, कुणाचं जास्त, कुणाचं कमी."

"आनि कुनाला आलीच न्हाय तर?"

"तर दिवस गेलेले असतात."

"आनि दिवस पन नसले तर?"

पुस्तकात ते नव्हतं. मी पान उलटून पाहिलं. वहिनीने भाजीची परात उचलली आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात ती बाजूला बसली. आईचा चेहरा थोडा सैल झाला. निदान पाळी तरी सुरू झाली, म्हणजे आशा आहे. त्यानंतर दर महिन्याला वहिनी बसू लागली. मलाही तोवर पाळी आली होती. माझी कधी चाळीस दिवसांनी यायची, कधी बावीसने, पोट इतकं दुखायचं की मी चटईवर गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचे. वहिनीचं तसं काही नव्हतं. तिचा दिवस ठरलेला असायचा. आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "आमचीचं घड्याल हाय घड्याल. अठ्ठाविसाव्या दिवशी बसते."

मला ते कळायला सहा-सात महिने लागले. वहिनीचा बसण्याचा दुसरा दिवस होता आणि मी शाळेतून आले ती स्कर्टच्या मागे दप्तर धरून. माझ्या ध्यानीमनी नसताना पाळी आली होती. आई बाजारात गेलेली. मी सरळ मागच्या खोलीत गेले. वहिनीने मला बघितलं, काही विचारलं नाही. तिच्या उशाशी जुन्या लुगड्याच्या कापडाचं गाठोडं होतं, तिच्या ह्या चार दिवसांचं. तिने ते सोडलं आणि दोन घड्या मला काढून दिल्या. मी घाईत त्या घेतल्या, मग माझं लक्ष गाठोड्याकडे गेलं. आतली सगळी कापडं एकावर एक नीट रचलेली. घड्या इतक्या घट्ट की त्या कधी मोडल्याच नव्हत्या. मधल्या दोन घड्यांवर सुताची बारीक पांढरी धूळ बसली होती.

"आनि तुला?" मी विचारलं.

"मला लागत न्हाय," ती म्हणाली.

ते तिच्या तोंडून निसटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. तिने माझं मनगट धरलं. शिवायचं नसतं, पण आता दोघीही बसलेल्या होतो.

"ताय, आयला सांगू नको."

"कधीपासून?"

"आधी कमी झाली. मग नुस्ता डाग पडायचा. आता वरीस होईल, काय न्हाय."

"मग तू बसतेस कशाला?"

तिने गाठोड्याची गाठ मारली. मग हळू म्हणाली, "मागच्या टायमाला न्हाय बसली तर काय झालं, बघितलंस ना. आता परत न्हाय बसली तर आधी दूध देतील. मग दूध काढून घेतील. दुसऱ्यांदा ते मला झेपायचं न्हाय, ताय."

मी पंधरा वर्षांची होते. माझ्यावर कुणीतरी विश्वास टाकला होता. मला वाटलं, मी आता तिची खरी बहीण झाले. मी शपथ घेतली आणि ती पाळली. कपडे वाळत घालताना तिची कोरडी, न वापरलेली कापडं मी स्वतः नळाखाली भिजवून पिळून दोरीवर घालायचे, वर एक टॉवेल टाकायचे. ती चटईवर पडून राहायची. तिला त्या चार दिवसांत झोप फार लागायची. संध्याकाळी ती भावाचा जुना स्वेटर अंगावर घ्यायची. भिवंडीत, शेडची गरम हवा भिंतीतून येत असताना. मी एकदा हात लावून पाहिला तर अंग कोमट लागलं. "कसकस वाटते जरा," ती म्हणाली. "सकाळी जाते." ती बारीकही होत चालली होती. तिच्या ब्लाऊजच्या बाह्या मी दोनदा आत शिवून दिल्या. त्या शिवताना मला काही कळलं नाही. आता कळतं, आणि रोज कळतं.

आईने वज्रेश्वरीला नवस बोलला. आम्ही तिघी एस.टी.ने गेलो. आईने तारीख मोजून काढली होती, वहिनीची पाळी होऊन गेल्यावर सातवा दिवस. देवीची ओटी भरली आणि मग गरम पाण्याच्या कुंडावर वहिनीला स्नान घालायला नेलं. वाफेत उभी राहून आई तिच्या पाठीवर तांब्याने पाणी ओतत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. वहिनीच्या पाठीचे मणके मोजता येत होते. आईचा हात मध्येच थांबला. तिने त्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. मग पुन्हा ओतायला लागली.

त्यानंतर शहरातल्या एका बायकांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. आई, वहिनी आणि फाईल धरायला मी. हा दिवस मी विसरू शकले असते तर बाकी सगळं विसरले असते.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, शांत बोलणाऱ्या. टेबलावरच्या काचेखाली माझ्या पुस्तकातलंच चित्र होतं, फक्त रंगीत. त्यांनी आईला समजावून सांगितलं, "मूल न होण्याची कारणं खूप असतात. दर महिन्याला अंडं तयार व्हायला हवं. काहींना ते होत नाही, त्यांची पाळी पुढेमागे होते. नळ्या मोकळ्या हव्यात. गर्भाशयाचं अस्तर चांगलं हवं. थायरॉईड बिघडला तरी अडचण येते. आणि दोष बाईतच असतो असं अजिबात नाही. तुमच्या मुलाचीही तपासणी लागेल."

"त्याचं काय तपासायचं?" आई म्हणाली.

"ते करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी पेन उघडलं आणि वहिनीकडे पाहिलं. "पाळी नियमित आहे?"

वहिनी काही बोलायच्या आधी आई म्हणाली, "एकदम टायमाला. अठ्ठाविसाव्या दिवशी."

"अंगावर किती दिवस जातं?"

"चार."

"शेवटची कधी आली होती?"

आईने तारीख सांगितली. डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, "बरोबर?" वहिनीने मान हलवली. मी भिंतीशी स्टुलावर बसले होते, फाईल मांडीवर. मला आठवतं, मी मनात वाक्य तयार केलं होतं: बाई, तिला पाळी येत नाही. पाच शब्द. मी ते तोंडात धरून ठेवले. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलंसुद्धा, सहज, माणूस खोलीतल्या सगळ्यांकडे बघतो तसं. मी फाईलची दोरी बोटाला गुंडाळली.

"पाळी नियमित असेल तर अंडं तयार होत असणार, असं आपण धरून चालू," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहिलं. सोनोग्राफी झाली. अस्तर फार पातळ दिसलं, पण पाळी नुकतीच संपली आहे म्हटल्यावर ते पातळच असणार. आम्ही सांगितलेल्या खोट्या तारखेत ते अगदी चपखल बसलं. गोळ्या दिल्या, तीन महिने घ्या म्हणाल्या, आणि नवऱ्याचा रिपोर्ट आणा.

भावाने रिपोर्टला सहा महिने लावले. आधी चिडला, मग आठवडाभर घरी जेवला नाही, मग एका रविवारी कुणाला न सांगता जाऊन आला. रिपोर्ट चांगला निघाला. त्या दिवशी तो सुटल्यासारखा दिसला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या वहिनीकडे मी बघितलं नाही. दोष कुणाचा, हे आता त्या घरात बोलायची गरज उरली नव्हती.

ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरकडे गेलो तोवर आणखी वर्षभर गेलं होतं. तिथे नळ्यांमध्ये औषध सोडून फोटो काढायची तपासणी झाली. आतून वहिनीचा आवाज आला, एकदाच, आणि मग बंद झाला. डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. नळ्या दोन्ही बंद होत्या. गर्भाशयाची पोकळीही आक्रसलेली, जागोजाग चिकटलेली. त्यांनी पुढच्या आठवड्यात आतला तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट आल्यावर त्यांनी आईला आणि भावाला बाहेर बसायला सांगितलं. मला त्यांनी मोजलंच नाही. मी पडद्याच्या अलीकडे, वजनकाट्याशी उभी होते.

"तुम्हाला गर्भाशयाचा टीबी आहे," ते वहिनीला म्हणाले. "घरात कुणाला टीबी होता?"

"बाबांना," वहिनी म्हणाली. "मीच त्यांच्याजवळ असायची. शेवटी शेवटी रक्त पडायचं."

"तेव्हाच तुमच्या अंगात गेला असणार. छातीतून रक्तावाटे खाली उतरतो, वर्षानुवर्षं कळत नाही. पण एक सांगा. आत अस्तर जवळजवळ राहिलेलं नाही. मला हे पटत नाही. तुम्हाला पाळी येते कशी?"

वहिनीने सांगितलं. सरळ सांगितलं, जेवणात मीठ किती टाकलं ते सांगावं तसं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"हे घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

पडद्याच्या अलीकडे मी वजनकाट्याची कड धरली.

"कोनाला न्हाय," वहिनी म्हणाली.

"वर्ष-दीड वर्ष आधी कळलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "तरी मूल झालंच असतं असं नाही सांगता येत. पण एवढं नुकसान कदाचित झालं नसतं. असो. आता औषध पूर्ण घ्यायचं. तुम्ही बऱ्या व्हाल."

औषधं नऊ महिने चालली. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली तेव्हा वहिनी घाबरून बाहेर आली. मी तिला चिठ्ठीवर लिहिलेलं वाचून दाखवलं, औषधाने होतं तसं. आईने टीबी ऐकल्याबरोबर वहिनीचं ताट कायमचं वेगळं केलं. डॉक्टरांनी भावाला सांगितलं होतं की हा टीबी भांड्यांनी पसरत नाही. भावाने ते आईला दोनदा सांगितलं, आईने दोन्ही वेळा मान हलवली आणि ताट वेगळंच राहिलं.

पाळीचं खोटं डॉक्टरांकडून भावाला कळलं आणि त्याने ते आईला सांगितलं. एका दुपारी मी घरात शिरले तर आई आणि वहिनी समोरासमोर बसलेल्या. लाईट गेलेली, त्यामुळे शेड बंद, आणि लूमच्या खडखडाटाची सवय असलेल्या कानांना ती शांतता टोचत होती.

"मला का न्हाय सांगितलंस?" आई विचारत होती.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, आत्या?"

आईने पदर सारखा केला. मग उठून आत गेली.

वहिनी बरी झाली. ताप गेला, वजन वाढलं, गाल भरले. पाळी परत आली नाही. औषध संपल्यावर ती माहेरी गेली, आठ दिवसांसाठी म्हणून, आणि वर्षभर राहिली. नातेवाईक भावासाठी दुसरी मुलगी सुचवत होते. आईने नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. भाऊ दर रविवारी मोटरसायकलवर वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागायचा आणि संध्याकाळी परत यायचा. एका रविवारी तो तिला घेऊनच आला, पण घरी नाही. मानकोलीला नवीन गोडाउनं उभी राहत होती, तिथे त्याने नोकरी धरली होती आणि जवळच एक खोली घेतली होती. तो आईला फक्त एवढंच म्हणाला, "आम्ही तिकडे राहनार." त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं होतं ते मला कधी कळलं नाही. कळायला हवं असंही नाही.

माझं लग्न झालं, आणि मला दिवस लगेच राहिले. इतके लगेच की मला लाज वाटली. सासरी सगळे आनंदात होते. मी मात्र दुसऱ्या महिन्यात झोपेतून दचकून उठायचे, कारण स्वप्नात मी नळाखाली कोरडी कापडं भिजवत असायचे आणि ती भिजायचीच नाहीत. पाणी वरून निघून जायचं.

पाचव्या महिन्यात मी एकटी रिक्षा करून मानकोलीला गेले. भावाने दार उघडलं. त्याच्या हातात चहाचं भांडं होतं. "बस," तो म्हणाला. "ती बाजूला बसलीय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आत खिडकीखाली वेगळी चटई, वेगळा तांब्या. वहिनी शर्टाला बटण लावत बसली होती. देवापुढे दिवा नव्हता. भाऊ चहा ठेवून बाहेर निघून गेला.

"वहिनी, हे काय?"

"काय न्हाय गो. सवय." तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि हसली. खरं हसली. "ते पन काय बोलत न्हाईत. चार दिवस सैपाक करतात. म्हैन्यातनं चार दिवस म्हनून काय होतं?"

"पण कशासाठी?"

तिने दोरा दाताने तोडला. "न्हाय बसली तर असं वाटतं, माजं कायतरी हुकलं. कुनीतरी विचारंल. कोन विचारनार हाय इथं, पन वाटतं." मग म्हणाली, "तू ये, बस. तुला शिवलेलं चालत न्हाय आता, लांब बस."

मी लांब बसले नाही. तिच्या चटईवर बसले आणि इतकी वर्षं तोंडात धरलेलं बोलले. की त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथे होते. मला माहीत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर दीड वर्ष आधी कळलं असतं.

तिने बटण लावायचं थांबवलं नाही. "मला ठाव हाय," ती म्हणाली. "मी तुज्याकडं बघत व्हती ना तवा. तू बोलशील म्हनून माजी छाती धडधडत व्हती."

"बोलायला हवं होतं."

"बोलली असतीस तर मी तुला खोटी पाडली असती. पोरगी हाय, कायपन बोलते, असं बोलली असती." तिने टाका ओढून घेतला. "मग तुला परत कदी ताय म्हनली नसती. तवा तेवढंच मला मोठं वाटलं असतं बघ. आता न्हाय वाटत."

ती माफी होती की नाही, मला सांगता येत नाही. मी तिला विचारलंही नाही. तिने मला तिथेच जेवायला लावलं, भावाने केलेला भात आणि सुकट.

परतताना मी कामतघरला आईकडे गेले. आई पाठीमागच्या पायरीवर बसून बोंबील साफ करत होती. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि तिलाही सांगितलं. म्हटलं, आई, मला माहीत होतं. कापडं मी भिजवायचे. कुणीच वापरलेली नसायची ती.

आईने एका बोंबलाचं डोकं काढलं, मग दुसऱ्याचं.

"मला बी कल्लं व्हतं," ती म्हणाली.

मी खाली बसले.

"वज्रेश्वरीला कल्लं," आई म्हणाली. "कुंडावर. अंगात रगतच नव्हतं पोरीच्या. घरी येऊन दोरीवरची कापडं बघितली मी. नाकाला लावून बघितली."

"मग डॉक्टरांना तू तसं का सांगितलंस?"

आई बोटांवरचं पाणी झटकत राहिली. वारा नव्हता, शेडचा आवाज भिंतीतून येत होता. "मला वाटलं, माज्या तोंडातनं बाहेर पडलं की खरं व्हईल," ती म्हणाली. "तवर ती बसत व्हती ना. तवर पुढच्या म्हैन्याला कायतरी व्हईल असं वाटत व्हतं."

म्हणजे त्या खोलीत, काचेखालच्या त्या रंगीत चित्रासमोर, आम्ही तिघी होतो आणि तिघींना माहीत होतं. फक्त समोरच्या बाईंना नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं, नियमित.

आईने मला विचारलं, पोट दुखतं का, पाय सुजतात का, डॉक्टर काय म्हणतात. मी सगळी उत्तरं दिली. मग तिने साफ केलेले बोंबील माझ्यासाठी डब्यात भरले, आणि अंधार व्हायच्या आत घरी जा म्हणाली.